मंडूककुलांतील अंडनिक्षेप, देहमान आणि वंशवृक्षाचा पुरावा

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने बेडकांविषयी लिहावे, हे ह्या पत्रिकेच्या वाचकांस काहीसे अनपेक्षित वाटेल. परंतु त्यास कारण आहे. समान दिसणाऱ्या दोन गोष्टींपैकी कोणती वारशाने आलेली आणि कोणती स्वतंत्रपणे घडलेली, हे ओळखण्याची अडचण भाषाशास्त्रज्ञास जशी नित्य पडते, तशीच ती प्राणिशास्त्रज्ञासही पडते. आउगुस्ट श्लायखर ह्या जर्मन भाषापंडिताने १८६३ साली डार्विनच्या सिद्धान्ताचा भाषाशास्त्राशी असलेला संबंध दाखविणारी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि स्वतः डार्विनने १८७१ सालच्या आपल्या ग्रंथात भाषांची घडण व प्राणिजातींची घडण ह्यांतील साम्य नमूद केले. तेव्हापासून ‘वंशवृक्ष’ ही कल्पना दोन्ही शास्त्रांची सामाईक मालमत्ता झाली आहे. गेल्या काही दशकांत प्राणिशास्त्राने ह्या मालमत्तेचा उपयोग आमच्यापेक्षा अधिक काटेकोरपणे केला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उष्णकटिबंधातील बेडकांच्या प्रजननपद्धती आणि त्यांच्या देहाचे आकारमान ह्यांचा परस्परसंबंध हा त्याचा उत्तम नमुना होय. त्याचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा बोध सुचविणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी एक सूचना आरंभीच करून ठेवतो. ‘जाती’ हा शब्द येथे प्राणिवर्गीकरणातील सर्वांत लहान एककासाठी, ‘प्रजाती’ हा निकटच्या जातींच्या समूहासाठी आणि ‘कुल’ हा त्याहून मोठ्या समूहासाठी वापरला आहे. अंड्यातून बाहेर पडून पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या अवस्थेस रूढ शास्त्रीय संज्ञेप्रमाणे ‘भैकेर’ म्हटले आहे.

२. डबक्यातील बेडूक आणि डबक्याबाहेरील बेडूक

बेडकाचे जे चित्र आपल्या मनात असते ते डबक्याचे आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्तापासून (७.१०३) ‘कूपमंडूक’ ह्या शब्दापर्यंत आपल्या वाङ्मयाने बेडकाची सांगड पाऊस आणि साचलेले पाणी ह्यांच्याशी घातली आहे. शालेय पुस्तकातील चित्रही तेच सांगते. पहिला पाऊस पडला की नर डरावू लागतात, मादी पाण्यात अंड्यांचा पुंजका सोडते, नर त्यावर शुक्ररस सोडतो, अंड्यांतून भैकेर निघतात, आणि काही आठवड्यांत त्यांचे रूपांतरण होऊन पिल्ले काठावर येतात.

हे चित्र खोटे नाही, पण ते अपुरे आहे. बेडकांच्या आज साडेसात हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी फार मोठा भाग उष्णकटिबंधात राहतो. हाडाड आणि प्राडो ह्या ब्राझीलमधील संशोधकांनी २००५ साली बेडकांच्या प्रजननपद्धतींची जी यादी केली, तीत एकोणचाळीस प्रकार दिले आहेत. अंडी कोठे घातली जातात, भैकेर कोठे वाढतो (किंवा वाढतच नाही), आणि पालक काही राखण करतात की नाही, ह्या तीन गोष्टींवर ही वर्गवारी आधारलेली आहे.

उदाहरणांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. सह्याद्रीतील ओढ्यांच्या काठी राहणारा ‘निक्टिबॅट्राकस हुमायूनी’ हा रातबेडूक भादुरी आणि कृपलानी ह्यांनी १९५५ साली वर्णिला व त्यास पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली ह्यांचे नाव दिले. त्याची मादी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते व अंड्यांतून निघालेले भैकेर खालच्या पाण्यात पडतात. ह्या जातीतील नर मादीस कवटाळून धरीत नाही. तो तिच्या पाठीवर नुसता ओणवा होतो, शुक्ररस तिच्या पाठीवर पडतो, आणि नर दूर झाल्यानंतर मादी अंडी घालते. हा प्रकार २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविला गेला. ‘इंडिराना’ ह्या सह्याद्रीतीलच प्रजातीचे भैकेर तर पाण्यात पोहण्याऐवजी ओल्या कातळावर सरपटतात.

त्याही पुढची पायरी म्हणजे पाण्याशी संबंध पूर्ण तोडणे. ‘रावॉर्केस्टिस’ ह्या सह्याद्रीत बहुसंख्येने आढळणाऱ्या झुडुपी बेडकांच्या प्रजातीत भैकेर ही स्वतंत्र अवस्थाच नाही. (२०१० साली स्थापिलेल्या ह्या प्रजातीस सी. आर. नारायणराव ह्या बंगळूरच्या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले आहे.) अंडी ओलसर पालापाचोळ्यात, मातीत वा पानावर घातली जातात, रूपांतरणाचा सारा प्रवास अंड्याच्या आतच पुरा होतो, आणि अंड्यातून चार पायांचा लहानगा बेडूकच बाहेर येतो. ह्यास ‘प्रत्यक्ष विकास’ असे नाव आहे. कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावरील ‘कोकी’ ह्या बेडकात ह्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे. तेथील गर्भास भैकेराचे चर्वणावयव येत नाहीत, लांब वेटोळलेले आतडे येत नाही, शेपटीचा उपयोग पोहण्याऐवजी श्वसनासाठी होतो, आणि अंड्याचे कवच फोडण्यासाठी जबड्यावर एक तात्पुरता ‘अंडदंत’ येतो. नर अंड्यांपाशी बसून त्यांचे रक्षण करतो व त्यांस ओल पुरवितो.

काही थोड्या जाती ह्याहूनही पुढे गेल्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतील निंबा पर्वतावरील ‘निंबाफ्रायनॉइडिस ऑक्सिडेंटालिस’ ह्या भेकाची मादी सुमारे नऊ महिने गर्भ उदरात वाढविते, त्यास उदरातच पोषण देते आणि पूर्ण घडलेल्या पिल्लांना जन्म देते.

३. अंड्यांची संख्या, अंड्याचा आकार व मातेचा देह

पाणी सोडण्याचे कारण काय असावे? पहिले कारण शत्रूंचे. साचलेल्या पाण्यात मासे, जलकीटक आणि इतर जातींचे भैकेर अंड्यांचा फडशा पाडतात. दुसरे कारण अनिश्चिततेचे. पाऊस लांबला की डबके आटते आणि एका हंगामाची सारी संतती नष्ट होते. तिसरे कारण भूरचनेचे. डोंगरउतारावरील अरण्यात पाणी साचतच नाही, ते वेगाने वाहून जाते. उलट, अशा अरण्यात हवा आणि जमीन इतकी ओलसर असते की कवच नसलेले बेडकाचे अंडे पाण्याबाहेरही सुकत नाही. म्हणूनच पाणी सोडण्याची ही प्रवृत्ती प्रामुख्याने दमट उष्णकटिबंधातच आढळते.

परंतु ह्या सोडवणुकीची किंमत द्यावी लागते. भैकेर स्वतःचे अन्न स्वतः मिळवितो, म्हणून अंड्यात फारसा साठा नसला तरी चालते. अंड्यातच सारा विकास व्हावयाचा, तर लागणारे सर्व अन्न पीतकाच्या रूपाने मातेनेच भरून द्यावयास हवे. अर्थात अंडे मोठे हवे. आणि अंडे मोठे झाले की मातेच्या उदरात मावणारी अंड्यांची संख्या घटते. सॉल्थ आणि ड्युएलमन ह्यांनी १९७३ साली ह्या संबंधांची संगतवार मांडणी केली. एकाच प्रजननपद्धतीच्या जातींत मादी जितकी मोठी तितकी अंडी अधिक. अंडी जितकी मोठी तितकी त्यांची संख्या कमी. आणि पद्धती पाण्यापासून जितकी दूर, तितके त्याच देहमानाच्या मादीचे अंडे मोठे.

ह्यातील गणित साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हे उदाहरण केवळ हिशोबासाठी घेतले आहे, प्रत्यक्ष मोजमापाचे नव्हे. सहा सेंटिमीटर लांबीची मादी एका वेळी एक हजार अंडी घालते असे समजू. घडण तीच ठेवून लांबी निम्मी केली, तर देहाचे घनफळ एक-अष्टमांश होईल, आणि तेवढ्याच आकाराची अंडी सव्वाशे मावतील. आता अंड्याचा व्यास दुप्पट केला, तर प्रत्येक अंड्याचे घनफळ आठपट होऊन संख्या पंधरा-सोळावर येईल. हजारावरून सोळावर! कोकीची मादी सामान्यतः तिसाच्या आतबाहेर अंडी घालते, तर आपल्याकडील मोठ्या पावसाळी बेडकाची मादी काही हजार. ही तफावत अशा हिशोबाने सहज समजते.

येथेच पालकांच्या राखणीचे मर्मही कळते. हजारो अंडी पाण्यात सोडणारी मादी त्यांतील बहुतेकांच्या नाशाचा हिशोब आधीच करून चुकलेली असते. पंधरा अंडी घालणाऱ्या जातीस ही उधळपट्टी परवडणारी नसते. थोडी अंडी, मोठी अंडी आणि राखलेली अंडी हे तीन गुण म्हणूनच बहुधा एकत्र आढळतात.

४. देहलघुतेची मर्यादा

ह्यानंतरचा प्रश्न देहमानाचा. सर्वांत मोठा बेडूक म्हणजे कॅमेरून व इक्वेटोरियल गिनी ह्या देशांतील ‘गोलियाथ’. त्याची लांबी तीस सेंटिमीटरांहून अधिक व वजन तीन किलोग्रॅमांहून अधिक भरू शकते. तो वाहत्या नदीच्या पात्रात प्रजनन करतो आणि त्यासाठी दगडगोटे बाजूस सारून कुंडासारखी जागा तयार करतो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांवरून कळून आले. दुसऱ्या टोकास पापुआ न्यू गिनीतील ‘पेडोफ्रिने अमाउएन्सिस’ आहे. २०१२ साली वर्णिलेल्या ह्या जातीची सरासरी लांबी ७.७ मिलिमीटर आहे. ब्राझीलमधील ‘ब्रॅकिसेफॅलस प्यूलेक्स’ ही जाती त्याहूनही लहान निघाली. तिच्या प्रौढ नरांची सरासरी लांबी ७.१ मिलिमीटर असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. तांदळाच्या एका लांब दाण्याएवढा हा पृष्ठवंशी प्राणी होय.

अशा अतिलघु बेडकांत दोन गोष्टी वारंवार आढळतात. ते दमट अरण्याच्या पालापाचोळ्यात राहतात, आणि त्यांपैकी बहुतेकांत स्वतंत्र भैकेरावस्था नाही. पहिल्या गोष्टीचे कारण भौतिक आहे. देहाची लांबी निम्मी झाली की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग दुप्पट होतो, आणि बेडकाची त्वचा पाण्यास अडवीत नाही. त्यामुळे लहान देह झपाट्याने सुकतो व ओलसर पाचोळ्याबाहेर तो तगू शकत नाही. दुसऱ्या गोष्टीचे कारण वर दिलेल्या हिशोबातच आहे. क्यूबामधील ‘एल्युथेरोडॅक्टिलस इबेरिया’ ह्या सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या बेडकाची मादी एका वेळी एकच अंडे घालते. एकुलते एक अंडे डबक्यात सोडून देणे हा व्यवहारच होऊ शकत नाही.

लहानपणास इतरही मोल द्यावे लागते. ब्रॅकिसेफॅलस प्रजातीतील बेडूक उडी मारतात, परंतु हवेत त्यांचा तोल जातो व ते कसेही कोलांटत खाली पडतात. तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका इतक्या अरुंद झाल्या आहेत की त्यांतील द्रव पुरेसा हलतच नाही, असे स्पष्टीकरण २०२२ साली देण्यात आले. त्याच प्रजातीतील दोन जातींस स्वतःच्या जातीचा आवाजही ऐकू येत नाही, हे २०१७ साली दाखविण्यात आले. एखाद्या जातीत उच्चार टिकावा आणि श्रवण लोपावे, हे भाषाशास्त्रज्ञास विशेष विचार करावयास लावणारे आहे.

काही वेळा लहान देह हाच विशिष्ट पद्धतीचा दरवाजा ठरतो. दक्षिण सह्याद्रीतील ‘रावॉर्केस्टिस कॅलॅझोडिस’ हा बेडूक कळकाच्या पेऱ्यांत अंडी घालतो आणि नर तेथे त्यांची राखण करतो. पेऱ्यास कीटकादिकांनी पाडलेल्या अरुंद छिद्रातून आत शिरावयाचे, तर देह लहानच असावयास हवा.

५. मोजणीचा प्रश्न

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणासही वाटेल की प्रश्न सुटला. देह लहान झाला म्हणून पाणी सुटले, किंवा पाणी सुटले म्हणून देह लहान होऊ शकला. ह्या दोहोंपैकी एक निवडावयाचे आणि जातींची यादी करून पुरावा मोजावयाचा, एवढेच उरले. परंतु खरी अडचण येथेच सुरू होते.

१८८८ साली एडवर्ड टायलर ह्या मानववंशशास्त्रज्ञाने लंडन येथे एक निबंध वाचला. सुमारे साडेतीनशे समाजांच्या चालीरीतींची कोष्टके करून कोणत्या चाली एकत्र आढळतात हे त्याने दाखविले होते. त्यावर अध्यक्षस्थानी असलेल्या फ्रान्सिस गाल्टन ह्याने एकच शंका काढली. हे समाज खरोखर परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय? जर त्यांतील अनेकांनी ती चाल एकाच मूळ स्रोतापासून घेतली असेल, तर आपण एकच पुरावा अनेकदा मोजीत आहोत.

ही शंका आमच्या शास्त्रास पूर्णतः लागू पडते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीनबर्गच्या प्रसिद्ध निबंधात तीस भाषांच्या आधारे शब्दक्रमाविषयीचे सामान्य नियम मांडले आहेत. त्यांतील एकाचा आशय असा की, क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषांत संबंधदर्शक शब्द नामानंतर येतात. आता एखाद्या विद्यार्थ्याने मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी व बंगाली ह्या भाषा घेऊन ‘पाच भाषांत हे दोन्ही गुण एकत्र आहेत, म्हणून नियमास पाच पुरावे मिळाले’ असे म्हटले, तर ते ग्राह्य धरता येईल काय? ह्या पाचही भाषा एकाच भारतीय आर्य शाखेच्या आहेत. त्यांचा पुरावा पाचांचा नसून फार तर एकाचा आहे. शेजारच्या कानडी-तेलुगूंत तेच गुण आढळले, तरी एमेनो ह्याने १९५६ साली दाखविल्याप्रमाणे शेजारातून होणाऱ्या देवघेवीचा विचार करावा लागतो. बेडकांत एका कुलाने दुसऱ्याकडून सवय उसनी घेण्याचा प्रश्न येत नाही. तेवढ्यापुरते प्राणिशास्त्रज्ञाचे काम सोपे आहे. वारशाची अडचण मात्र दोघांचीही सारखीच आहे.

बेडकांतील उदाहरण घ्या. सह्याद्रीतील रावॉर्केस्टिस आणि प्रामुख्याने श्रीलंकेतील ‘स्यूडोफिलॉटस’ ह्या दोन प्रजाती एकमेकींच्या निकट भगिनी आहेत. दोहोंत मिळून शंभराहून अधिक जाती आहेत आणि प्रत्यक्ष विकास हा त्यांचा सामाईक वारसा मानला जातो. त्यांची मोजणी ‘शंभर जाती’ अशी केली, तर प्रत्यक्ष विकास व लहान देह ह्यांच्या संबंधास शंभर पुरावे मिळाल्यासारखे दिसते. वंशवृक्षावर पाहिले तर ती घटना एकच आहे. १९८५ साली फेल्सनस्टाइन ह्याने ह्या दोषाचे निराकरण करणारी गणिती रीत सुचविली. तिचा गाभा असा की, जाती न मोजता वंशवृक्षावरील स्वतंत्र फरक मोजावयाचे. तेव्हापासून तौलनिक प्राणिशास्त्रात वंशवृक्षाशिवाय केलेली तुलना सहसा मान्य होत नाही.

आणखी एक भेद आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. मराठी, कोकणी व गुजराती ह्यांत नपुंसकलिंग टिकले, हिंदीत ते लोपले. ह्यावरून पहिल्या तिघी परस्परांस अधिक जवळच्या ठरत नाहीत, कारण जुने ते टिकणे हा विशेष नात्याचा पुरावा नव्हे. नवे ते सामाईक असणे हाच तसा पुरावा होय. पाण्यात अंडी घालणे ही बेडकांची जुनी स्थिती आहे. ती असणाऱ्या जाती केवळ तेवढ्यामुळे एका शाखेच्या ठरत नाहीत.

६. आफ्रिकेतील एका प्रजातीचा निर्णय

ह्या पद्धतीचे फळ काय मिळते, हे एका अभ्यासावरून पाहू. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस सर्वत्र ‘फ्रायनोबॅट्राकस’ ही लहान बेडकांची प्रजाती आढळते. तिच्या जाती नव्वदीच्या घरात आहेत. त्यांपैकी बहुसंख्य जाती डबक्यात वा संथ पाण्यात पुष्कळ लहान अंडी घालतात. परंतु काही जातींनी वेगळा मार्ग धरला आहे. पश्चिम आफ्रिकेतील ‘फ्रायनोबॅट्राकस गिनीएन्सिस’ झाडांच्या ढोलींत साठलेल्या थोड्याशा पाण्याचा आश्रय घेतो. आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यातील एका जातीत तर भैकेर अन्न खात नाहीत आणि अंड्यांच्या पुंजक्याबाहेर पडून पोहतही नाहीत, असे २००२ साली नोंदविले गेले. एकाच प्रजातीत इतके वैविध्य असल्यामुळे कसोटीस हे क्षेत्र फार सोयीचे आहे.

झिमकस, लॉसन, लोडर व हँकन ह्या चौघा संशोधकांनी २०१२ साली ह्या कुलाचा रेण्वीय पुराव्यावर आधारलेला वंशवृक्ष घेऊन पाण्याबाहेरील अंडनिक्षेप आणि देहलघुता ह्या दोन प्रवृत्ती तपासल्या. त्यांच्यापुढे एक लोकप्रिय कल्पना होती. एखाद्या वंशास असे काही नवे लक्षण लाभते की त्यायोगे नवी क्षेत्रे खुली होतात आणि जातिनिर्मितीचा वेग वाढतो. अशा लक्षणास आपण ‘कळीचे नवलक्षण’ म्हणू. डबक्याच्या बंधनातून सुटका आणि अतिलघु देह ही दोन्ही तशी नवलक्षणे असावीत, हे ऐकताच पटण्यासारखे आहे.

निष्कर्ष वेगळेच निघाले. पहिला असा की, नेहमीची पद्धती सोडून अन्य पद्धती स्वीकारण्याची घटना ह्या प्रजातीत किमान सात वेळा स्वतंत्रपणे घडली आहे. दुसरा असा की, ह्या सात घटना कोणत्याही एका कालखंडाशी जुळत नाहीत. हवामानातील एखाद्या मोठ्या बदलाने सर्वांस एकदम ढकलले, असे म्हणता येत नाही. तिसरा व सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष असा की, वेगळी पद्धती स्वीकारलेल्या शाखांत जातिनिर्मितीचा वेग वाढलेला नसून, पाण्यात अंडी घालणाऱ्या शाखांपेक्षा तो कमीच आहे. चौथा असा की, प्रौढ बेडकाचे वसतिस्थान, पायांच्या बोटांमधील पडदा व देहमान ह्यांपैकी कशाचाही त्या वेगावर परिणाम दिसत नाही. ही लक्षणे त्या जातींस नवी क्षेत्रे मिळवून देत असतील, परंतु त्यामुळे वंशाचा विस्तार अधिक वेगाने होतोच असे नाही, असा संयत समारोप अभ्यासकांनी केला आहे.

ह्याउलट, जुन्या जगातील वृक्षमंडूकांच्या कुलात प्रत्यक्ष विकास करणाऱ्या आणि फेसाचे घरटे करणाऱ्या शाखाच जातींनी अधिक समृद्ध आहेत. वर उल्लेखिलेल्या सह्याद्री-श्रीलंकेच्या दोन प्रजाती त्यांतल्याच. म्हणजे तेच लक्षण एका वंशात भरभराटीच्या जोडीने आढळते, दुसऱ्यात तसे आढळत नाही. ‘ह्या लक्षणामुळे विस्तार झाला’ असे विधान करण्यापूर्वी ‘कोणत्या वंशात, आणि किती स्वतंत्र वेळा’ हे विचारणे भाग आहे.

७. पायऱ्यांचा सिद्धान्त

दुसरी एक प्रचलित कल्पनाही अशीच तपासली गेली आहे. पाण्यातील अंडी, मग पाण्यावरील पानावर अंडी व पाण्यात भैकेर, आणि अखेरीस पूर्णपणे भूचर अंडी, असा क्रमाक्रमाने जिना चढून प्रत्यक्ष विकास आला असावा, असे फार दिवस मानले जात होते. ह्या लेखाच्या दुसऱ्या विभागात प्रस्तुत लेखकानेही सोयीसाठी ‘त्याही पुढची पायरी’ असा शब्दप्रयोग केला आहे. भाषेतच असा सापळा असतो.

गोमेझ-मेस्त्रे, पायरन व विन्स ह्यांनी २०१२ साली ७२० जातींचा वंशवृक्ष घेऊन हा जिना तपासला. पाण्याबाहेर अंडी घालण्याची पद्धती अनेकदा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली, हे त्यांना दिसलेच. परंतु प्रत्यक्ष विकास पुष्कळदा मधल्या अवस्थेवाचून, थेट पाण्यात अंडी घालणाऱ्या पूर्वजांपासून आला आहे, आणि जिला आपण मधली पायरी म्हणतो ती अवस्था दीर्घकाळ स्थिर राहू शकते, असे त्यांनी दाखविले. पानावर अंडी घालणारा आपला रातबेडूक अर्ध्या वाटेत थांबलेला प्रवासी नव्हे. तो आपल्या मुक्कामी पोहोचलेलाच आहे. काही कुलांत, उदाहरणार्थ वृक्षमंडूकांत, मधल्या अवस्थेतून पुढे जाण्याचा मार्ग संभवनीय दिसतो. सर्वत्र तोच मार्ग असला पाहिजे, हे मात्र सिद्ध होत नाही.

प्रवास उलट दिशेनेही होतो काय, हा प्रश्न अधिकच बिकट आहे. दक्षिण अमेरिकेतील ‘गॅस्ट्रोथेका’ ह्या प्रजातीची मादी पाठीवरील पिशवीत अंडी वाहते. तिच्या काही जातींत पिशवीतून पूर्ण बेडूक बाहेर पडतात, तर काहींत भैकेर. वंशवृक्षावर पाहता भैकेर असणाऱ्या जाती भैकेर नसणाऱ्यांच्या मध्ये आढळतात. म्हणजे एकदा लोपलेली अवस्था पुन्हा आली असे दिसते. परंतु ती कधी लोपलीच नव्हती, केवळ अनेक शाखांनी ती स्वतंत्रपणे टाकली, हाही अर्थ संभवतो. २००७ साली विन्स व सहकाऱ्यांनी ह्याची चर्चा करताना, पूर्वावस्थेची पुनर्रचना करण्याची आपली रीतच आपणांस फसवीत नाही ना, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला. मूळ भाषेची पुनर्रचना करणाऱ्या प्रत्येकाने तो प्रश्न आपल्या मेजावर लिहून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे.

८. उपसंहार

ह्या चर्चेचे व्यावहारिक महत्त्वही आहे. थोडी अंडी, मोठी अंडी आणि ओलाव्यावरचे संपूर्ण अवलंबन ही जीवनरीत स्थिर परिस्थितीत उत्तम चालते, परंतु परिस्थिती बदलली की सावरण्यास तिच्याजवळ फारसे भांडवल नसते. टांझानियातील किहान्सी नदीच्या धबधब्याच्या तुषारांत राहणारा ‘नेक्टोफ्रायनॉइडिस अ‍ॅस्पर्जिनिस’ हा पिल्लांना जन्म देणारा चिमुकला भेक १९९६ साली प्रथम आढळला. पुढे वीजनिर्मितीसाठी धरण बांधून पाणी वळविण्यात आले, तुषार आटले, रोगाचाही प्रादुर्भाव झाला, आणि २००९ साली ही जाती निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेल्या काही भेकांमुळेच तिचा वंश टिकला. सह्याद्रीतील ओलसर उतारांवर ज्या जाती अशाच रीतीने जगतात, त्यांच्याबाबत हे उदाहरण विसरता येणार नाही.

आपल्या विद्याशाखेपुरता बोध असा. कारणपरंपरा सुचणे आणि ती सिद्ध होणे ह्यांत अंतर आहे. लहान देह, मोठे अंडे व सुटलेले पाणी ह्यांची तिसऱ्या-चौथ्या विभागांत सांगितलेली संगती तर्कशुद्ध आहे, आणि तिचा बराचसा भाग टिकूनही राहिला. तरीही तिच्यावरून काढलेले ‘म्हणून विस्तार झाला’, ‘म्हणून पायरीपायरीने झाले’ हे पुढचे निष्कर्ष वंशवृक्षाच्या कसोटीस सर्वत्र उतरले नाहीत. भाषांतील ध्वनिबदल, लिंगलोप वा शब्दक्रम ह्यांविषयी आपणही अशाच सुसंगत कथा सांगत असतो. त्या सांगाव्यात. पण प्रबंधात ‘इतक्या भाषांत असे आढळते’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे: मी भाषा मोजल्या, की घटना मोजल्या? शंभर बेडूक एका सुरात ओरडत असले, तरी साक्षीदार एकच असू शकतो.